वीस डिसेंबरची मुलगी

मी भूगोल शिकवते. नद्या, पठारं, पर्जन्यछायेचा प्रदेश, एवढंच माझं जग होतं. तिसगावपासून आठ किलोमीटरवरच्या आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक नव्हते, आणि एका जूनमध्ये सरकारी योजनेतून तीन फुटबॉल आले. मुख्याध्यापक म्हणाले, "सुरेखा मॅडम, पृथ्वीचा गोल तुम्हीच शिकवता. हाही तुम्हीच बघा." स्टाफरूममध्ये सगळे हसले. मी चेंडू घेऊन बाहेर पडले, तेव्हा त्यात हवा कशी भरायची हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

पहिल्याच दिवशी सातवीतल्या एका मुलीनं अनवाणी पायानं चेंडू मारला आणि तो पाण्याच्या टाकीवरून पलीकडच्या तुरीत गेला. मुलगी स्वतःच घाबरली. "मॅडम, फुटला असंल का?" तिनं विचारलं. तीच धनश्री गर्जे. आज तिचं नाव तुम्ही ऐकलेलं आहे. भारताची नऊ नंबरची जर्सी घालून ती धावते तेव्हा तिसगावच्या बाजारात मोबाईलभोवती माणसं गोळा होतात, आणि पाथर्डीतल्या दोन टेम्पोंच्या मागं तिचं चित्र आहे. एका चित्रात ती मुळीच ओळखू येत नाही, पण खाली नाव आहे.

तिचे आईवडील, लंकाबाई आणि भिमाजी, ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की संगमनेरकडच्या कारखान्याला, ते थेट गुढीपाडव्यापर्यंत. धनश्रीही त्यांच्याबरोबर जायची, उसाच्या फडात वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायची, आणि परत आली की वर्गात मागं पडलेली असायची. त्या वर्षीही दिवाळीनंतर गावच्या चौकात ट्रॅक्टर उभा राहिला. माणसं भांडी, अंथरुणं, कोंबड्या चढवत होती. मी लंकाबाईला म्हणाले, "हिला ठेवा ना इथं. खेळ चांगला आहे हिचा, अभ्यासही बुडणार नाही."

"ठिवू कुनाकडं, मॅडम? तुमी ठिवून घेता का?"

माझ्या सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या होत्या, घरात दोन खोल्या. ही कारणं खरी होती, पण ती त्या चौकात तोंडातून निघेनात.

मागून आवाज आला. "माझ्याकडं ऱ्हाईल ती." शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या छबूबाई होत्या. विधवा, मूलबाळ नाही, एकटीच राहायच्या. लंकाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. दोघींची फारशी ओळखही नव्हती.

"लई खाती ती," लंकाबाई म्हणाली.

"मंग मी रोज दीडशे पोरांचं रांधती. एकीचं काय जड हाय?"

लंकाबाईनं लेकीच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढं ढकललं आणि ट्रॅक्टरवर चढली. चढताना तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला, तो गाडी वळेपर्यंत मागं सारला नाही.

अशी धनश्री छबूबाईंकडे राहिली, ती चार हंगाम. सकाळी साडेपाचला छबूबाई तिला उठवायच्या आणि मैदानावर तिच्याबरोबर यायच्या. घमेलं उपडं घालून त्यावर बसायच्या आणि तांदूळ निवडायच्या. खेळ त्यांना कळत नव्हता. एकदा मी विचारलं, "कशाला एवढ्या थंडीत येता?" तर म्हणाल्या, "पोरगी पडली की इकडं बघती. कुनीतरी बसलेलं पायजे."

मीही हळूहळू शिकत होते. रात्री मोबाईलवर नियम वाचायचे आणि सकाळी मुलींना सांगायचे. ऑफसाइड समजायला मला तीन आठवडे लागले. धनश्रीला एका सकाळीत समजलं आणि मग तिनंच मला चपला-दगड मांडून समजावलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला आठ वर्षं लागली.

पुढच्या वर्षी नगरला वाडिया पार्कवर चौदा वर्षांखालच्या मुलींची जिल्हास्पर्धा होती. माझ्याकडे मोजून अकरा मुली होत्या. फॉर्म भरताना लक्षात आलं की धनश्री वयात बसत नाही. एक जानेवारीनंतरचा जन्म हवा होता आणि तिचा होता वीस डिसेंबरचा. बारा दिवसांनी हुकलं होतं. मी थोडा वेळ पेन हातात धरून बसले आणि मग साल एकानं वाढवून जानेवारी लिहिलं. मनाशी म्हटलं, बारा दिवसांनी कुणाचं काय जातंय? जायच्या दिवशी एसटीत तिला शेजारी बसवून सांगितलं, "तिथं कुणी विचारलं तर वीस जानेवारी सांगायचं. कळलं?" तिनं मान हलवली.

मैदानावर टेबलामागे एक वयस्कर पंच बसले होते, रंगनाथ सर. ते प्रत्येक मुलीला नाव आणि जन्मतारीख विचारत होते. धनश्रीची पाळी आली.

"जन्मतारीख?"

तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. "वीस डिसेंबर."

सरांनी फॉर्मवर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "मॅडम, लिहिताना चूक झाली का?"

"हो सर," मी म्हणाले. "चूक झाली."

म्हणजे एक खोटं लिहिलं होतं, त्यावर हे दुसरं. ते धनश्रीच्या समोर, बाकीच्या दहा मुलींच्या समोर. सरांनी तिच्या नावावर रेघ मारली आणि पुढची मुलगी बोलावली.

आमच्या दहा मुली खेळल्या आणि सहा गोलांनी हरल्या. धनश्री पूर्ण वेळ मैदानाच्या कडेनं पळत होती, बाहेर गेलेला प्रत्येक चेंडू आणून देत होती, आमच्याही आणि समोरच्याही मुलींना. मला तिच्याकडं बघवत नव्हतं. राग येत होता, खरं सांगते. वाटत होतं, एवढं केलं मी हिच्यासाठी, आणि हिनं चारचौघांत तोंडघशी पाडलं.

परतीच्या एसटीत करंजी घाट उतरेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. मग तीच म्हणाली, "मॅडम, रागावल्या का?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"मला जानेवारी म्हनायचंच हुतं. पाठ बी केलं हुतं. पर आईला सगळ्या वर्सातली तेवढी एकच तारीख येती. तिला वाचता येत न्हाई, कॅलेंडर कळत न्हाई. फडात मी झाले तवा तिनं मुकादमाला तारीख इचारून घेतली आन् पाठ केली. आजून दर साली इचारून इचारून बरुबर त्याच दिवशी गूळ वाटती. मंग ती खोटी कशी म्हनू?"

तिसगाव आलं, उतरलो, तिथून गावात पोचलो, मुली आपापल्या घरी गेल्या. तिला "बरोबर केलंस" एवढं म्हणायला हवं होतं. तेवढंही मला त्या दिवशी जमलं नाही, आणि एकदा राहून गेलेलं बोलणं नंतर जास्तच अवघड होत जातं.

आठवड्यानं रंगनाथ सरांचा शाळेत फोन आला. "ती खरी तारीख सांगणारी मुलगी. चेंडू मैदानात परत मारताना तिचा पाय बघितलाय मी. सतरा वर्षांखालच्या निवड चाचणीला पुण्याला पाठवा तिला. त्यात ती बसते." छबूबाई तिला घेऊन पुण्याला गेल्या. बरोबर भाकरी, ठेचा आणि शाळेतून मागून घेतलेले मोठ्या मापाचे बूट, त्यांच्या टोकाला कापूस कोंबलेला. चाचणीला दोनशे मुली होत्या. सोळा निवडल्या, त्यात ती होती.

पुढचं सगळं पेपरात आलेलं आहे. पुण्याचं वसतिगृह, राज्याचा संघ, मग भारताचा. मी पेपरात न आलेलं सांगते. दर रविवारी सकाळी छबूबाईंना तिचा फोन यायचा, मग ती कुठल्याही देशात असो. पहिला प्रश्न ठरलेला, "काय रांधलं?" मुलाखतीत तिला कुणी हिंदीत विचारलं की ती हिंदीत उत्तर द्यायची आणि अडली की सरळ "लई" म्हणून मोकळी व्हायची. संघातल्या नवीन मुलीचं सामान ती उचलायची. खोलीतली तिची जोडीदार मेमचा मणिपूरची, संघाची बचावपटू, वयानं आठ वर्षांनी मोठी. तिच्याकडून धनश्री मणिपुरी गाणी शिकली होती आणि सुटीत आली की छबूबाईंना म्हणून दाखवायची. छबूबाई म्हणायच्या, "कळत काय न्हाई, पर ग्वाड हाय."

गेल्या जानेवारीत परदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेचा उपांत्य सामना होता. दुपारची वेळ. शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला, सगळं गाव जमलं. सरपंच कानिफनाथ यांनी सव्वीस जानेवारीला धनश्रीचा सत्कार ठरवला होता, बॅनरही छापून आला होता. तिचे आईवडील मात्र संगमनेरकडे फडात होते. तिनं त्यांना कितीदा सांगितलं होतं की आता जाऊ नका. पण टोळीतल्या जोडीदारांना शब्द दिलाय, एवढा हंगाम पुरा करू, असं म्हणून ते गेले होते.

एक-एक बरोबरी होती. संपायला दोन मिनिटं राहिली असताना भारताला कॉर्नर मिळाला. गोलसमोर गर्दी झाली, चेंडू आला, धनश्रीनं अंग झोकून दिलं आणि चेंडू जाळीत गेला. पंचांनी गोल दिला. हॉलमध्ये माणसं बाकावर चढली. तिकडं संघातल्या मुली तिच्या अंगावर कोसळल्या. आणि मग आम्ही बघितलं, ती त्या ढिगातून बाहेर आली, पंचांकडं गेली आणि स्वतःच्या डाव्या हाताच्या कोपराखाली बोट लावून दाखवलं. चेंडू हाताला लागला होता. त्या स्पर्धेत व्हिडिओ बघून निर्णय द्यायची सोय नव्हती. कुणालाच कळलं नव्हतं, तिच्याशिवाय.

गोल रद्द झाला. जादा वेळ झाला, पेनल्टी झाल्या. तिच्या पेनल्टीवर गोल झाला, पण संघ हरला.

हॉलमध्ये कुणीतरी म्हणालं, "येडी हाय का काय ही!" बाकीची माणसं बाक उचलून ठेवायला लागली. कोपऱ्यात छबूबाई एकट्याच बसून राहिल्या होत्या. मी जवळ गेले. "हात लागल्याला दिसला का तुमाला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मला बी न्हाई," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

नंतरचे आठ दिवस वाईट होते. मोबाईलवर लोकांनी तिला काय काय म्हटलं ते मी इथं लिहीत नाही. सरपंचांनी बॅनर गुंडाळून ठेवला. "सत्कार पुढं कवातरी करू," म्हणाले, "आत्ता लोकांचं मन न्हाई." धनश्री बावीस तारखेला आली, एसटीनं, तोंडाला रुमाल बांधून. सरळ छबूबाईंकडे गेली.

मी संध्याकाळी गेले. ती चुलीपुढं बसून वांगी चिरत होती. माझ्या पाया पडली. मी म्हणाले, "कशी आहेस?"

"बरी हाय, मॅडम." मग पुढचं वांगं हातात घेत, "मेमचादी बोलत न्हाई माझ्याशी. तिची ही शेवटची स्पर्धा हुती. बारा वर्सं खेळली, एकदा बी फायनल न्हाई. खोलीत तोंड भिताडाकडं करून रडत हुती. लोकांचं मी ऐकून घेतलं. तिचं न्हाई सहन झालं."

"परत तसं झालं तर?"

"तेच करीन." तिनं वांगं पाण्यात टाकलं. "पर म्हनून वाईट वाटायचं थांबत न्हाई, मॅडम. मला वाटलं हुतं थांबंल."

छबूबाई भाकरी थापत होत्या. थापता थापता म्हणाल्या, "वाटू दे की. तिच्यासाठी वाटतंय, म्हंजी ती तुझी हाय."

मग मी बोलले. आठ वर्षं जे आत होतं ते. म्हणाले, "धनश्री, नगरला मी चुकले होते. तारीख मी मुद्दाम लिहिली, आणि वर सरांना चूक झाली म्हणून सांगितलं. तू एवढी लहान असून खरं बोललीस आणि मी तुझ्याशी बोलणंच टाकलं. त्यानंतर मी एकाही फॉर्मवर खोटं लिहिलेलं नाही. हजेरीतसुद्धा नाही. ते तुझ्यामुळे. तुझे आभार मानायचे राहिले होते."

"मॅडम, तुमी आसं नका म्हनू. चेंडू तुमीच दिला की."

"शाळेनं दिला. मी फक्त बाहेर आणला."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. दरवर्षी मी राज्यघटनेवर चार वाक्यं बोलते. या वर्षी मी तीच गोष्ट सांगितली, जशी झाली तशी, माझ्या खोट्यासकट. मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. गावकरी एकमेकांकडं बघायला लागले. मी म्हणाले, "ही मुलगी गेल्या पंधरवड्यात काही वेगळं वागलेली नाही. ती चौदाव्या वर्षी वागली तशीच वागली. तेव्हा मी तिच्यावर रागावले होते, आज तुम्ही रागावला आहात. मला तिच्याकडून शिकायला आठ वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत."

कुणाला टाळ्या वाजवायचं सुचलं नाही, आणि मलाही खाली कसं उतरायचं ते कळेना. तेवढ्यात मागून छबूबाई ओरडल्या, "झालं का बोलून? जिलबी गार व्हाया लागली!" मुलं खदखदून हसली आणि रांग मोडून पळाली.

त्या भाषणापायी मला पुढं एक लेखी ताकीद आली. ती मी सही करून घेतली. ती योग्यच होती.

जिलबीच्या गडबडीत सरपंच कानिफनाथ धनश्रीजवळ आले. जरा घुटमळले. "पोरी, सत्कार राहिलाय. उद्या करू का?"

"नको काका. उद्या मला आईकडं जायचंय." मग हसून म्हणाली, "जीप द्याल का?"

त्यांनी जीप दिली, आणि चालवायलाही स्वतः बसले. मी, छबूबाई आणि ती. राहुरी, लोणी करत दुपारपर्यंत संगमनेरच्या पुढं फडात पोचलो. निम्मा ऊस तोडून झाला होता. लंकाबाई मोळ्या बांधत होती. लेकीला बघून तिनं कोयता खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि तिच्या डाव्या हाताची बाही वर सारून बघितली.

"लागलं हुतं व्हय गं? जोरात?"

"न्हाई आई. नुसता चाटून गेल्ता."

"आमी बघितलं. समद्या टोळीनं बघितलं, मोबाईलवर, पाचटाच्या कोपीसमूर बसून. तू पंचाला हात दाखिवला तवा ह्यांनी इचारलं, आसं का करती? मी म्हनलं, लागला असंल म्हनून दाखिवती." लंकाबाईला यात सांगण्यासारखं आणखी काही वाटलं नाही. तिनं छबूबाईंचा हात धरला आणि त्यांना सावलीत नेऊन बसवलं. "तुमी माझी पोरगी वाढिवली. मला कदी बोलताच आलं न्हाई तुमच्याशी. दर साली गाडी निघायच्या गडबडीत ऱ्हाऊनच जायचं."

"तिनं मला वाढिवलं," छबूबाई म्हणाल्या. "एकलीला भूक लागत नव्हती मला."

धनश्री तोवर मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरकडं निघाली होती. तिच्यामागं सरपंच कानिफनाथ, पांढऱ्या कपड्यांत, दुसरी मोळी उचलायच्या खटपटीत. ती काही त्यांना उचलता आली नाही. टोळीतल्या बायका पोट धरून हसल्या.

मार्चमध्ये तिला संघाच्या शिबिराला बोलावणं आलं. पहिले दोन सामने तिला बाहेर बसवलं, तिसऱ्यात घेतलं, आणि तिनं दोन गोल केले.

मे महिन्याच्या सुटीत ती घरी आली तेव्हा तिच्याबरोबर मेमचा होती. बुटकी, दणकट, केस अगदी बारीक कापलेले. तिनं निवृत्ती वर्षभर पुढं ढकलली होती. मैदानावर आमच्या मुलींना तिनं अंगावर येणाऱ्या चेंडूसमोर उभं कसं राहायचं ते दाखवलं. एकमेकींची भाषा कुणालाच येत नव्हती, पण मुली कान देऊन ऐकत होत्या. नंतर पायरीवर बसून ती मला हिंदीत सांगत होती. "मी फार रागावले होते. ही रोज फोन करायची, मी उचलायची नाही. चाळीस दिवस. एकेचाळीसाव्या दिवशी उचलला. विचार केला, हिला काय सांगायचंय ते ऐकून तरी घेऊ."

"काय म्हणाली?"

"विचारलं, काय जेवलीस." मेमचा हसली. "मी बारा वर्षं खेळले. फायनल मिळाली नाही. पण रोज फोन करणारं माणूस मिळालं."

तेवढ्यात छबूबाईंनी हाक मारली. परातीत पीठ मळून तयार होतं. त्यांनी मेमचाचा हात धरून तिच्या तळव्यावर पिठाचा गोळा ठेवला आणि थापून दाखवलं. मेमचानं थापला. भाकरी मधेच फाटली. छबूबाईंनी ती गोळा करून पुन्हा तिच्या हातावर ठेवली, आणि मेमचा आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत पुन्हा थापायला बसली.